वाराची घरं : मेमोरियल कपसाठी रिमूस्कीला

आमचं लंडन थेम्स नदीवरचंच, पण कॅनडातलं, ऑन्टारिओ प्रांतातलं. इथे येऊन अकरा वर्षं झाली आणि त्यातली निम्मी तरी आमचं घर लंडन नाइट्स या ज्युनिअर आइस हॉकी संघाच्या वेळापत्रकावर चालत आलंय. लेक पंधरा वर्षांचा, स्वतः गोली, म्हणजे गोलरक्षक आहे. २०२४ साली मिशिगनमधल्या सॅगिनॉला मेमोरियल कपच्या अंतिम सामन्यात शेवटची बावीस सेकंदं उरलेली असताना यजमान संघाने गोल केला आणि नाइट्स ४-३ हरले. त्या रात्री पोरगा जेवला नाही. समजूत घालताना मी बोलून गेले, "पुढच्या वर्षी ते पोचले, तर आपणही जाऊ." ते पोचले.

मेमोरियल कप म्हणजे कॅनडाच्या ज्युनिअर हॉकीतला सगळ्यात मोठा मान. सोळा ते वीस वर्षांची मुलं खेळतात. तीन मोठ्या ज्युनिअर लीगचे तीन विजेते आणि एक यजमान, असे चार संघ. प्रत्येकाची प्रत्येकाशी एकेक लढत, मग उपांत्य आणि अंतिम सामना. २०२५ चं यजमानपद क्यूबेकमधल्या रिमूस्कीकडे होतं. पश्चिमेकडून मेडिसिन हॅट टायगर्स, ऑन्टारिओतून आमचे नाइट्स, क्यूबेकच्या लीगमधून मंक्टन वाइल्डकॅट्स आणि घरचा रिमूस्की ओसेआनिक. संपूर्ण स्पर्धा दहा दिवसांची होती. मुलाची शाळा आणि माझी रजा यांचा मेळ घालून आम्हाला शेवटचे सहा मिळाले. नवऱ्याला सुट्टी नव्हती. माझे बाबा मात्र तेव्हा पुण्याहून चार महिन्यांसाठी आले होते. वय ऐंशी. "मला त्यातलं काही कळत नाही, पण समुद्र दिसणार असेल तर येतो," म्हणाले.

मंगळवार, २७ मे

पहाटे चारला निघालो. एकूण अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास, गाडी चालवणारी मी एकटी, म्हणून दोन टप्पे केले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि बाबांचा थर्मास एवढी शिदोरी. ४०१ हा महामार्ग लांबलचक आणि कंटाळवाणा आहे. मॉन्ट्रियल ओलांडल्यावर पाट्या फ्रेंचमध्ये दिसायला लागल्या आणि लेकाचं शाळेतलं फ्रेंच पहिल्यांदा घराच्या कामाला आलं.

रात्री लेव्हीला मुक्काम केला. खोलीत मोबाइलवर नाइट्स आणि टायगर्सच्या सामन्याचं धावतं वर्णन ऐकलं. नाइट्स हरले. तिन्ही सामने जिंकून मेडिसिन हॅट थेट अंतिम फेरीत गेलं. आमच्यासाठी आता शुक्रवारचा उपांत्य सामना, आणि समोर कोण ते बुधवारी मंक्टन-रिमूस्कीमध्ये ठरणार होतं. पोरगा भिंतीकडे तोंड करून झोपला. बाबा अंधारात म्हणाले, "अरे, अजून संपलं कुठे?"

बुधवार, २८ मे

लेव्हीपासून पुढे २० क्रमांकाचा महामार्ग नदीच्या कडेने जातो. डावीकडे सेंट लॉरेन्स दर तासाला रुंदावत जाते. पाणी करडं, पलीकडचे डोंगर निळे, आणि वाऱ्याला खारा वास यायला लागतो. इथले लोक तिला नदी म्हणतच नाहीत, समुद्र म्हणतात. भरती-ओहोटी आहे, पाणी खारट आहे, पलीकडचा काठ जेमतेम दिसतो. बाबा मूळचे राजापूरकडचे. काच खाली करून त्यांनी लांब श्वास घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

जाणाऱ्यांसाठी सांगते: त्रुआ-पिस्तोलजवळ महामार्ग मध्येच संपतो आणि ले बिकपर्यंत १३२ नंबरच्या साध्या दुपदरी रस्त्याने जावं लागतं. मूसपासून (इथलं घोड्याएवढं सांबर) सावध राहण्याच्या पाट्या जागोजागी आहेत, त्या शोभेच्या नाहीत. अंधार पडायच्या आत पोचा. आणि मेअखेर आहे म्हणून गरम कपडे घरी ठेवू नका. दुपारी ऊन होतं, पण वाऱ्यात उभं राहिलं की कान दुखायचे. झाडांना नुकती कुठे पालवी फुटली होती.

मोटेलवर पोचलो तर आमचं आरक्षण सापडेना. पैसे भरल्याची पावती माझ्या हातात, पण त्यांच्या यादीत नाव नाही, आणि कपमुळे गावात एकही खोली शिल्लक नाही. ऐंशी वर्षांचे बाबा सोफ्यावर, पोराच्या मांडीवर पिशव्या, आणि माझ्या डोळ्यांत पाणी. काउंटरवरच्या मुलीने एकदा बाबांकडे पाहिलं, फोन उचलला आणि आपल्या मावशीशी पाच मिनिटं बोलली. मावशी वीस किलोमीटर मागे, ले बिकला राहते, तिच्या घरी वर दोन खोल्या रिकाम्या आहेत, असं कळलं.

दार उघडलं ते सत्तरीच्या, ठेंगण्या, पांढरे केस कापलेल्या बाईंनी. लेक "मादाम" म्हणून "तुम्ही"च्या भाषेत बोलायला लागला. त्यांनी त्याला थांबवलं. त्याने भाषांतर केलं, "आई, त्या म्हणतायत मला अहो-जाहो करू नकोस, ह्या घरात मुलं मला अगं-तुगंच करतात." कोणती मुलं, हे विचारायला वेळ नव्हता. मटारच्या डाळीचं दाट सूप समोर आलं. (शाकाहारी असाल तर आधी विचारा. ह्या सुपात बहुतेक ठिकाणी डुकराचं मांस असतं आणि पूटीनवरच्या (चीज घातलेल्या बटाट्याच्या फ्राइजवरच्या) रश्शातही मांसाचं पाणी असतं. आमच्यात फक्त बाबा शाकाहारी. त्यांना बाईंनी अंडं, बटाटे आणि चीज दिलं.) आम्ही लंडनचे कळल्यावर त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. २००५ च्या अंतिम सामन्यात लंडननेच रिमूस्कीला ४-० हरवलं होतं. पुढे जगभर गाजलेला सिडनी क्रॉस्बी तेव्हा रिमूस्कीकडून खेळत होता. वीस वर्षं झाली, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते कालचं होतं. तरीही आम्हाला दुसऱ्यांदा सूप वाढलं.

सामना संध्याकाळी. स्टेडियम लहान आहे, पाच हजारांच्या आसपास माणसं मावतात. लंडनच्या मोठ्या रिंकची सवय असलेल्यांना इथे बसलं की वाटतं, आपण बर्फावरच पाय सोडून बसलोय. छताला क्रॉस्बीचा ८७ नंबर टांगलेला आहे. विन्सेंट लेकाव्हालिए, ब्रॅड रिचर्ड्स हे नावाजलेले खेळाडूही ह्याच संघातून खेळून पुढे गेले. २००० साली ह्या संघाने मेमोरियल कप जिंकला होता.

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा आइस हॉकी पाहिली. पहिली दहा मिनिटं त्यांना पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबराची काळी चकती, दिसलाच नाही. लेक म्हणाला, "आजोबा, पक शोधू नका, पोरांच्या खांद्यांकडे बघा. खांदे वळतात तिकडे पक." त्यानंतर त्यांना दिसायला लागला. मलाही ही गोष्ट कोणी आधी अशी सांगितली नव्हती.

रिमूस्की हरलं. तिन्ही सामने हरून यजमान बाहेर. भोंगा वाजल्यावर गर्दी जागेवरच उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. बर्फावर ओसेआनिकची पोरं एका रांगेत, हेल्मेट काढलेली, घामाने केस कपाळाला चिकटलेले. हेल्मेटखाली ती पुरुष वाटतात. काढलं की अकरावी-बारावीतली.

घरी परतलो तर बाई जाग्या होत्या, रेडिओवर सगळं ऐकलेलं. आम्ही काही बोललो नाही. त्यांनी तिघांना गरम दूध दिलं आणि लेकाला वर बोलावलं. आमच्या खोलीतल्या फळीवर एक काळा-पांढरा गोळा होता, नारळाएवढा. मी आल्यापासून तो कसला असेल याचा विचार करत होते. हॉकीच्या काठीला चिकटपट्टी गुंडाळतात, ती झिजली की सोलून नवी लावतात. ती सोललेली पट्टी एकावर एक दाबून दाबून केलेला तो गोळा होता. हातात घेतला तर चांगला जड, वरून खरखरीत, आणि रबर, घाम आणि मेण यांचा मिळून एक वास. ह्या खोलीत सात मुलं राहून गेली, एकामागून एक. पहिल्याने सुरुवात केली, प्रत्येकाने आपली पट्टी त्यावर चढवली. आत सगळ्यात खोल पहिल्या मुलाची पट्टी आहे, असं बाई बोटाने गोळ्याच्या मध्यावर टोचून म्हणाल्या.

ज्युनिअर हॉकीत सोळा-सतरा वर्षांची पोरं संघ निवडेल त्या गावी जातात, घरापासून शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांब. तिथे त्यांना एकेक कुटुंब सांभाळतं. त्याला बिलेट म्हणतात. खाणं, झोपणं, शाळेचा अभ्यास, आजारपण, घरची आठवण, सगळं त्या घराच्या गळ्यात. संघ थोडीफार रक्कम देतो. बाई म्हणाल्या, ती दुधातच संपायची. एकेका पोराला न्याहारीला सहा अंडी लागायची.

मी हे बाबांना मराठीत सांगत होते. ते पलंगाच्या कडेला बसून ऐकत होते, आणि मग म्हणाले, "म्हणजे वारच की."

बाबा बारा वर्षांचे असताना गावाहून पुण्याला शिकायला आले आणि वार लावून जेवले, हे मला माहीत होतं. पण घरं कोणती, माणसं कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. सोमवारी शनिपाराजवळ, तिथे आमटी तिखट. मंगळवारी एका वकिलांकडे, पाटाखाली नेहमी रांगोळी. बुधवारी एका विधवा आजींकडे, त्या स्वतः उपास करायच्या आणि ह्याला वाढायच्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. लेक एकेक वाक्य फ्रेंचमध्ये सांगत होता, अडला की हातवारे करत होता. बाईंनी विचारलं, "आणि रविवार?"

"रविवारचं घर मिळालं नाही," बाबा म्हणाले. "रविवारी चुरमुरे."

गुरुवार, २९ मे

सामना नव्हता. पहाटे साडेचारलाच खोलीत लख्ख उजेड. ह्या बाजूला मेअखेर सूर्य फार लवकर उगवतो, जाड पडदे नसतील तर डोळ्यांवर बांधायला काहीतरी न्या.

बाई आम्हाला पुआंत-ओ-पेअरला घेऊन गेल्या. गावाच्या पूर्वेला दीपगृह आहे, १९०९ सालचं, ३३ मीटर उंच, चहूबाजूंनी काँक्रीटचे तिरपे टेकू दिलेलं. शेजारी ओनोन्डागा ही जुनी पाणबुडी किनाऱ्यावर आणून ठेवली आहे. ती आणि संग्रहालय पाहायचं असेल तर उघडण्याच्या तारखा आधी बघून ठेवा, सगळं हंगामी आहे. आम्ही आत गेलो नाही. बाईंना आम्हाला दुसरीच जागा दाखवायची होती.

रस्त्याच्या कडेला लहानशी दफनभूमी आहे, दगडी स्मारक आणि खाली पाणी. १९१४ साली २९ मेच्याच पहाटे, दाट धुक्यात, एम्प्रेस ऑफ आयर्लंड ह्या प्रवासी जहाजाला इथून जवळच स्टोर्स्टॅड नावाच्या नॉर्वेच्या कोळसावाहू जहाजाची धडक बसली. चौदा मिनिटांत जहाज बुडालं. १०१२ माणसं गेली. टायटॅनिक जगाला पाठ आहे, ह्या जहाजाचं नाव मी त्या सकाळपर्यंत ऐकलं नव्हतं. आम्ही गेलो तो दिवस बरोबर तोच, हे मला दगडावरची तारीख वाचताना कळलं. बाईंना माहीत होतं, म्हणून त्या आणि आणखी चारपाच म्हातारी माणसं तिथे आली होती. कोणी भाषण केलं नाही. वाऱ्यात उभे राहिलो, एकाने टोपी काढली, बाबांनीही काढली.

परतताना लेकाने विचारलं, कपाचं नाव मेमोरियल का. मला वाटलं होतं त्याला माहीत असेल. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ साली हा कप सुरू झाला. त्यातले कितीतरी जण स्वतः ज्युनिअर हॉकी खेळलेले होते. २०१० पासून तो देशासाठी प्राण दिलेल्या सगळ्याच कॅनेडियन सैनिकांच्या नावे आहे. "म्हणजे ह्याच वयाचे?" त्याने विचारलं. "थोडे मोठे," मी म्हटलं. तो ले बिक येईपर्यंत गप्प होता.

संध्याकाळी बाईंनी मातानच्या कोळंबीची पाव-गुंडाळी केली. बारीक, गुलाबी, गोडसर कोळंबी, वर फक्त मेयोनीज आणि कांद्याची पात. इतकी ताजी की मसाला मागायची इच्छाच झाली नाही. आमच्या चटणीचा डबा मी टेबलावर ठेवला. बाईंनी पावावर लोणी लावून त्यावर चटणी भुरभुरली, खाल्ली, पाणी प्यायल्या, आणि पुन्हा भुरभुरली.

शुक्रवार, ३० मे

सकाळी रिमूस्कीच्या किनाऱ्यावरून चाललो. समोर सें-बार्नाबे बेट, ओहोटीचा चिखल, शेवाळाचा वास. गाड्या लावायला स्टेडियमजवळ जागा मिळत नाही. लांब लावून वीस मिनिटं चालायची तयारी ठेवा, रस्ता छान आहे.

उपांत्य सामना नाइट्स विरुद्ध मंक्टन. अख्खं स्टेडियम मंक्टनच्या बाजूने. शेवटी ते ह्यांच्याच लीगचे विजेते. हिरव्या जर्सीत आम्ही मूठभर. मागच्या रांगेतल्या एका माणसाने दुसऱ्या सत्रात लेकाच्या खांद्यावर थोपटून त्याला चिप्स दिले आणि पुन्हा मंक्टनसाठी ओरडायला लागला. नाइट्स ५-२ जिंकले.

बाबा आता पेनल्टी ओळखायला लागले होते. पंचाचा हात वर जायच्या आधी ते "काढा त्याला बाहेर" म्हणायचे.

शनिवार, ३१ मे

बिक राष्ट्रीय उद्यान बाईंच्या घरापासून जवळच. सील बघायचे असतील तर ओहोटीची वेळ गाठा. पाणी उतरलं की ते खडकांवर येऊन पडतात. लांबून राखाडी दगडच वाटतात, मग एक दगड मान वळवतो. दुर्बीण न्या, जवळ जाऊ नका. बाबांनी दीड तास बाकावर बसून त्यांना पाहिलं. पिक शाम्प्लेनच्या माथ्यावर मी आणि लेक गेलो, वरून सगळे खाडीचे कोपरे दिसतात.

उतरताना तो म्हणाला, "आई, मला कोणी निवडलं तर तू मला पाठवशील?" गोली आहे, बरा आहे, पण निवड होण्याइतका आहे का हे मला खरंच सांगता येत नाही. मी म्हटलं, "घर कसं आहे ते आधी बघून येईन." त्याने मान हलवली. त्याला ते उत्तर पुरेसं वाटलं. मला रात्रभर पुरलं नाही.

रविवार, १ जून

दुपारी बाईंनी टेबलावर कापडी रुमाल आणि जुन्या काचेचे पेले मांडले. सकाळपासून त्या स्वयंपाकघरात आम्हाला येऊ देत नव्हत्या. बाबांसाठी मांसाशिवाय केलेला बटाटा-मका-मसुराचा थर लावलेला पाते शिनुआ (त्यात एरवी खिमा असतो), आणि मागून पुदिंग शोमर: साधा केक, खाली मेपलचा उकळलेला पाक. बाबांच्या ताटात त्यांनी स्वतः वाढलं, आणि बोट वर करून मराठीत म्हणाल्या, "रविवार." लेकाने शिकवलं होतं. बाबांनी चष्मा काढून पुसला. जेवण पूर्ण होईपर्यंत तो पुन्हा घातला नाही.

संध्याकाळी अंतिम सामना. मेडिसिन हॅटच्या गॅव्हिन मॅकेनाला पाहायला देशभरातून माणसं आली होती. सतरा वर्षांचा, युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सचा. मेडिसिन हॅटपासून घर अडीच हजार किलोमीटर. त्या हंगामात ५६ सामन्यांत १२९ गुण (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास मिळून). इतर पोरं पकच्या मागे धावतात, हा पक जिथे येणार तिथे आधीच जाऊन उभा असतो. बाबा त्याच्यावर फिदा. लेक चिडला, "आजोबा, तो आपला नाही!" बाबा म्हणाले, "खेळतोय तोपर्यंत आपलाच."

आमच्याकडे ईस्टन कोवन होता. लंडनजवळच्या माउंट ब्रिजेसचा शेतकऱ्याघरचा मुलगा, आदल्या वर्षी सॅगिनॉला हरलेल्या संघातलाही. त्या दिवशी तो वेगळ्याच जिद्दीने खेळत होता, प्रत्येक पकसाठी कोपऱ्यात घुसत होता. तिसऱ्या सत्रात लेकाने माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. दोन दिवस निळे डाग होते. घड्याळात बावीस सेकंदं उरली तेव्हा त्याने डोळे मिटले. उघडले ते भोंगा वाजल्यावर. ४-१. लंडनचा तिसरा मेमोरियल कप, २००५ आणि २०१६ नंतरचा. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू कोवन. हातमोजे, काठ्या, हेल्मेटं बर्फभर फेकलेली आणि त्यात एकमेकांवर कोसळलेली पोरं.

लेक रडत होता आणि त्याला ते लपवायचं नव्हतं. बाबा मात्र दुसऱ्या टोकाकडे पाहत होते. टायगर्सची मुलं गुडघ्यांवर बसली होती, एकाने जर्सी तोंडावर ओढून घेतली होती. "ह्यांना आज कोण जेवायला घालणार?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, संघ घालतो, बाबा. ते म्हणाले, "तसं नाही विचारत मी."

सोमवार, २ जून

निघताना बाईंनी खोल्यांचे पैसे घेतले, ठरल्याप्रमाणे, नोटा मोजून. जेवणाचे म्हटल्यावर त्यांनी पाकीट माझ्या पर्समध्ये परत कोंबलं. पुदिंग शोमरचा उरलेला अर्धा भाग निळ्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात भरून बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो लेव्हीपर्यंत तसाच धरला होता.

आता तो डबा धुऊन आमच्या ओट्यावर आहे. रिकामा परत द्यायचा नाही हे नक्की. बाबा म्हणतात चटणी, लेक म्हणतो चकली, आणि त्याने कालच आपल्या काठीची झिजलेली पट्टी सोलून, गोळी करून, डब्याशेजारी ठेवली आहे.